आधी कपाट उपसा, मग पडदे शिवा

निजायच्या खोलीचं काम काढलं की पहिली धाव कापडाच्या दुकानाकडं असते. पडद्याचं कापड येतं, नव्या चादरी येतात. आणि महिनाभरानं कपाट आवरताना वरच्या कप्प्यातून दोन कोऱ्या चादरी, चार न नेसलेल्या सुती साड्या आणि आहेरात आलेल्या ब्लाउजपिसांची चळत निघते. मग डोक्याला हात. म्हणून क्रम उलटा धरायचा. आधी कपाट, मग माप, मग खरेदी आणि सगळ्यात शेवटी कात्री. खोलीला लागणारं निम्मं कापड बहुतेक घरांत आधीच घडी घालून ठेवलेलं असतं.

कपाट

सकाळी सुरू करा, म्हणजे संध्याकाळी पलंग झोपायला मोकळा मिळतो. कपाटातलं सगळं पलंगावर काढा, अर्धवट नको. कप्पा-कप्पा आवरत बसलं तर कपडे फक्त या कप्प्यातून त्या कप्प्यात जातात. ढीग चार करा. रोजचे, बाहेर जायचे, लग्नकार्याचे, आणि ज्यांना वर्षभरात हात लागला नाही ते. चौथा ढीग म्हणजे आपलं कापडाचं दुकान.

या ढिगातलं प्रत्येक कापड तपासून घ्या. जुनी साडी घडीवर विरते, बाकी अंग चांगलं असलं तरी. घडीची रेघ दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ओढा. चर्रकन आवाज आला तर ते कापड वाकळीच्या, म्हणजे गोधडीच्या, पोटात घालायचं, वरून लावायचं नाही. सुती आहे की नाही याची शंका असेल तर कडेचा एक धागा चिमट्यात धरून ताटलीवर पेटवा. सूत कागदासारखं जळतं आणि करड्या, मऊ राखेचं होतं. पॉलिस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर त्याचा टणक मणी बनतो. मिसळीच्या कापडात राखही येते आणि कडेला मणीही. असली साडी अंथरुणात घालू नका. आपल्याकडं मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो, पॉलिस्टर घाम टिपत नाही आणि रात्रभर माणूस कूस बदलत राहतो. तिच्या खोळी शिवा, पिशव्या शिवा.

आता कपाटात परत काय आणि कुठं. नेहमीचं लोखंडी कपाट साधारण ७८ इंच उंच, ३६ इंच रुंद आणि १९ इंच खोल असतं. निम्म्यात कप्पे आणि निम्म्यात दांडी असेल तर दांडी १८ इंचांच्या आत-बाहेर भरते. हिशेब सोपा आहे: शर्टाला एक इंच, कुर्त्याला सव्वा, हँगरवरच्या साडीला दीड. म्हणजे त्या दांडीवर बारा साड्या. विसाव्या साडीला जागा मिळते, पण मग इस्त्री केलेली कुठलीच साडी इस्त्रीची राहत नाही. हँगर १७ इंचांपेक्षा रुंद घेऊ नका, १९ इंच खोलीत दार लागत नाही.

साडी पन्ह्यात, म्हणजे रुंदीत, तिहेरी आणि लांबीत चौहेरी करून हँगरवर टाकली की २७-२८ इंच खाली येते. हुक धरून ३६ इंच उंची पुष्कळ. कुर्त्याला मात्र ५२-५४ इंच लागतात. दोन्ही एकाच दांडीला असतील तर साड्यांखाली दीड फूट जागा रिकामी राहते, तिथं चादरींचा डबा बसतो. घड्यांच्या कप्प्यात दोन फळ्यांमधलं अंतर १० ते १२ इंच ठेवा. जास्त ठेवलं की चळत उंच होते, आणि उंच चळतीतली खालची साडी ओढली की वरच्या सगळ्या अंगावर येतात.

बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवून ठेवू नका, दोन इंच हवा राहू द्या. पावसाळ्यात ओल भिंतीतून येते आणि मागच्या पत्र्यावर बसते.

पैठणीची पिशवी

शिलाईची सुरुवात इथून करा. सरळ टीप एवढंच काम आहे आणि चुकलं तर कुणाला दिसत नाही.

पैठणी हँगरला लावायची नाही. जरीच्या पदराचं वजन खाली ओढतं आणि रेशीम घडीवर ताणलं जातं. ती पांढऱ्या सुती पिशवीत आडवी ठेवायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते आणि जर काळी पडते. पिशवीला मांजरपाट चालतो, पण कोऱ्या मांजरपाटाला खळ असते आणि खळ म्हणजे कसरीचं जेवण. गरम पाण्यात दोनदा धुऊन खळ काढा, कांजी अजिबात करू नका.

१६ बाय १४ इंचांच्या तयार पिशवीला १७ बाय ३५ इंचांचा एकच तुकडा लागतो. १४ इंच पुढं, १४ मागं, ५ इंच झाकण आणि दोन्ही टोकांना एकेक इंच दुमड. ४४ पन्ह्याच्या एक मीटर कापडात अशा दोन निघतात. बाजूंना अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड, ठेवून टीप मारा. आतली कड उघडी ठेवू नका, पिको करा किंवा दुमडून परत एक टीप घाला. उघडे धागे जरीत अडकतात.

डांबरगोळ्या टाकायच्या तर कपाटाच्या कोपऱ्यात, कापडात गुंडाळून. साडीला खेटून नाहीत. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवला तरी चालतो, दर दोन-तीन महिन्यांनी बदलायचा. त्याच दिवशी साडीची घडी मोडून दुसऱ्या जागी घाला.

माप आणि पाणी

दुकानात मीटर चालतो, मशीनवर इंच. एक मीटर म्हणजे ३९ इंच आणि वर थोडं. शिवणाची कापडी टेप वापरून वापरून ताणते, पाव-अर्धा इंच खोटं बोलायला लागते. लोखंडी टेपशी ताडून बघा. खिडकी तर लोखंडी टेपनंच मोजा, आणि वर-मध्ये-खाली अशी तीनदा मोजा. माळवदाच्या जुन्या घरांत एकही चौकट काटकोनात नसते.

इथं लोक सगळ्यात जास्त फसतात ते आटण्यावरून. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटतं, खादी आणि मांजरपाट त्याहून जास्त. नांदेडच्या खादी समितीत राष्ट्रध्वज तयार होतो हे सगळ्यांना माहीत आहे; पडद्याला आणि चादरीला खादी हवी असेल तर २ ऑक्टोबरच्या आसपास सूट असते तेव्हा घ्या आणि मापापेक्षा दहा टक्के जास्त घ्या.

किती आटेल हे विचारायचं नाही, बघायचं. कोपऱ्याचा १० बाय १० इंचांचा चौकोन कापा, रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा आणि मोजा. साडेनऊ उरला तर पाच टक्के. उभ्यात आणि आडव्यात वेगवेगळं आटतं, म्हणून कापायच्या आधी पेनानं उभ्या बाजूला बाण करून ठेवा.

रंग पक्का आहे का हेही याच वेळी कळतं. इरकलीचा लाल पदर ओला करून पांढऱ्या चिंधीवर दाबा. चिंधी लाल झाली तर ती साडी पांढऱ्या चादरीला काठ म्हणून लावायची नाही, लावली तर चादर गुलाबी होईल. मीठ टाकलं की रंग पक्का होतो म्हणतात. हल्लीच्या रंगांना मिठानं काही होत नाही.

बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. साबण फेसाळत नाही आणि कापडात राहून जातो, वाळल्यावर ते पापडासारखं कडक होतं. साबण कमी टाका आणि शेवटच्या पाण्यात बादलीला दोन चमचे पांढरं व्हिनेगर किंवा एका लिंबाचा रस घाला. वाळवणं सावलीत. किंचित ओलं असतानाच इस्त्री करा, उभ्या धाग्याच्या दिशेनं. लाइटचा भरवसा नसेल तर इस्त्रीची सगळी कामं एकदम उरकून ठेवा. पायडलचं मशीन लाइटवाचून चालतं, इस्त्री चालत नाही.

पडदा

पडदा दिसायला हवा हे खरं, पण आपल्याकडं त्याचं पहिलं काम ऊन अडवण्याचं. पश्चिमेच्या खिडकीला दुपारी तीन ते सहा ऊन थेट आत येतं, भिंत तापते आणि मध्यरात्रीपर्यंत गरम राहते. एकेरी रंगीत कापड ऊन गाळतं, अडवत नाही, आणि एक-दोन उन्हाळ्यांत विटतं. त्याला मागून पांढरं अस्तर लावा. ऊन परत फिरतं आणि पुढचा रंगही टिकतो. अस्तराला कपाटातल्या जुन्या पांढऱ्या चादरी उत्तम.

आता एक खिडकी घेऊन हिशेब करू. चौकट ४८ बाय ४८ इंच. दांडी चौकटीच्या वर ६ इंच आणि दोन्ही बाजूंना ६-६ इंच बाहेर, म्हणजे दांडी ६० इंच. चुण्या नीट पडायच्या तर कापड दांडीच्या दुप्पट तरी हवं. कापडाचा पन्हा ४८ इंच. दोन पन्हे घेतले तर ९६ होतात, आणि पडदा लावल्यावर ताणून बसवलेल्या चादरीसारखा सपाट दिसतो. इथंच घोडं पेंड खातं, कारण दुकानात विचारलं तर बहुधा ‘दोन पडद्यांना दोन पन्हे’ असंच सांगतात. तीन घ्या. एका पडद्याला दीड पन्हा. तिसरा पन्हा उभा मधोमध कापा आणि अर्धा-अर्धा दोन्ही पडद्यांना बाहेरच्या, भिंतीकडच्या बाजूनं जोडा. जोड चुणीत लपतो. आतल्या बाजूनं जोडला तर पडदे मिटल्यावर खिडकीच्या मधोमध दिसत राहतो.

उंची: चौकट ४८, वर ६, खाली ८, असे ६२. रिंगचा पडदा दांडीच्या वर दीड इंच डोकावतो, म्हणजे तयार पडदा साडेत्रेसष्ट. वरच्या दुमडीला ४, खालच्या दुमडीला ४. झाले साडेएकाहत्तर. चार टक्के आटणार म्हणून ७५ इंच, म्हणजे १.९ मीटर. तीन पन्ह्यांचे ५.७ मीटर. दुकानातली कात्री नेहमी तिरकी चालते, कड सरळ करण्यात दोन-चार इंच जातात. ६ मीटर घ्या. मोठी फुलं किंवा नक्षी असेल तर प्रत्येक पन्ह्याला नक्षीची एक फेरी जास्त धरा, नाहीतर एका पडद्यावर फूल वर आणि दुसऱ्यावर खाली येतं. आणि फुलांना खालीवर असतं. कापताना तीनही पन्हे एकाच दिशेला मांडा.

कापड धुऊन, इस्त्री करून मग कापा. पन्हे जोडताना अर्धा इंच माया. किनारीचा घट्ट पट्टा आधी कापून टाका, तो बाकी कापडापेक्षा जास्त आटतो आणि जोड दोरीसारखा आखडतो. बाजूच्या कडा एक-एक इंच दोनदा दुमडून शिवा. आता एक पडदा साधारण साडेचौसष्ट इंच रुंद होईल.

वर बकरमची, म्हणजे कडक कापडाची, ३ इंची पट्टी घालून दुमडा आणि वर-खाली टीप मारा. रिंगा नेहमी सम संख्येत. विषम घेतल्या तर एक टोक भिंतीकडं वळतं आणि दुसरं खोलीत, पडद्याची कड फडफडत राहते. या रुंदीला १० रिंगा पुरतात. पहिली आणि शेवटची कडेपासून २ इंचांवर, मधल्या साडेसाठ इंचांचे ९ भाग, म्हणजे पावणेसात इंचांना थोडं कमी. खडूनं खुणा करून पडदा पन्हाळीसारखा दुमडून बघा, मगच भोकं पाडा. भोक परत बुजवता येत नाही. रिंग दांडीपेक्षा आतून अर्धा इंच तरी मोठी हवी.

अस्तर बाजूंना आणि खाली एक-एक इंच आखूड ठेवा. वर आणि बाजूंना शिवा, खाली मोकळं सोडा. दोन कापडं कधीच सारखी आटत नाहीत. खालीही शिवून टाकलं तर पहिल्या धुण्यानंतर पडद्याला पोट येतं.

खालची दुमड लगेच शिवू नका. कच्चा टाका घालून पडदा दोन दिवस लटकवा. वजनानं कापड उतरतं, कुठं पाव इंच, कुठं जास्त. मग जमिनीपासून माप घेऊन सरळ रेघ काढा आणि तेव्हा पक्की टीप घाला. बारीक टीप नको, इंचाला सात-आठ टाके. टाका बारीक झाला की लांब शिवणीला चुण्या पडतात.

कुलरच्या खिडकीचं गणित वेगळं. तिथं पडदा कुलरच्या माथ्यापर्यंतच ठेवा. खाली लोंबला तर ओला होतो, दोन महिन्यांत काळे ठिपके धरतो. शिवाय कुलरच्या तुषारांत बोअरचे क्षार असतात, गडद निळ्या-मरून कापडावर त्यांचे पांढरे डाग लगेच दिसतात. त्या भिंतीला फिकट रंग बरा. आणि कुलर चालायचा तर समोरची दुसरी खिडकी उघडी लागते, नाहीतर खोलीत नुसती ओल साठते. त्या खिडकीची दांडी दोन्ही बाजूंना ८-१० इंच लांब घ्या, म्हणजे पडदा सारल्यावर पूर्ण भिंतीवर जातो, वारा अडवत नाही.

पलंग

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ म्हणतात; शिवताना अंथरूण मोजावं, तेही दाबून. फोमची गादी ७५ बाय ६० इंच आणि ५ इंच जाड धरू. इलास्टिकची चादर शिवायची तर चारही बाजूंना ९ इंच जास्त: ५ जाडीचे, ४ गादीखाली जायचे. म्हणजे ९३ बाय ७८. चादरीचं ९० पन्ह्याचं कापड मिळतं, ते अडीच मीटर घ्या, धुवा, मग ९३ बाय ७८ कापा. प्रत्येक कोपऱ्यातून साडेआठ इंचांचा चौकोन काढा. नऊचा नाही, अर्धा इंच माया ठेवायची आहे. चौकोनाच्या दोन कडा जोडून शिवल्या की कोपरा उभा राहतो. खालच्या कडेला एक इंचाची नळी करा, आणि प्रत्येक कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना मिळून २० इंचांच्या भागात १२ इंचांचं इलास्टिक ताणून घाला.

कापसाच्या गादीला मात्र असली चादर शिवू नका. चार इंचांची दबलेली गादी पिंजून आणली की सहा-सात इंचांची होते आणि कडा गोल होतात. आज नेमकी बसणारी चादर पिंजाऱ्याकडून गादी आल्यावर चढतच नाही. तिला साधी चादर घ्या आणि चार कोपऱ्यांना जोडीजोडीनं १२ इंचांच्या नाड्या लावा, गादीखालून बांधायला.

अभ्र्याचं एकच सांगायचं. १७ बाय २७ च्या उशीला १८ बाय ६३ इंचांची पट्टी लागते: २७ पुढं, २७ मागं, ६ आतलं झाकण, तोंडाची दुमड २ आणि दुसऱ्या टोकाची १. दोन अभ्र्यांना १८ दुणे ३६, म्हणून ३६ पन्हा पुरतो असं वाटतं. धुतल्यावर तोच पन्हा साडेचौतीस भरतो. ४४ पन्ह्याचं घ्या, उरलेल्या पट्टीची पडद्याची बांधणी होते.

दोन्ही टोकांच्या दुमडी आधी शिवून घ्या. पट्टी सुलट वर करून पसरा. दोन इंची दुमडीचं टोक २७ इंच आत दुमडा. उरलेलं ६ इंच झाकण आता त्या टोकाच्या वरून दुमडा, खालून नाही. दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचावर टीप मारा आणि उलटवा. झाकण आपोआप आत जातं. झाकण खालून दुमडलं तर उलटवल्यावर ते बाहेर लोंबतं आणि सगळं उसवावं लागतं.

वाकळ

परभणीकडं थंडीत पारा दहाच्या खाली येतो. पण बाकी वर्षभर जाड रजई कपाटाचा अख्खा कप्पा अडवून बसते. वाकळ तीन बोटं जाडीच्या घडीत मावते आणि भाद्रपदापासून माघापर्यंत चालते.

साडेपाच मीटरची एक सुती साडी म्हणजे २१६ इंच, पन्हा साधारण ४५. ८४ इंचांचे दोन तुकडे काढले की एका माणसाच्या वाकळीचं वरचं आणि खालचं दोन्ही अंग एकाच साडीत निघतं, आणि उरलेल्या ४८ इंचांत पदर सापडतो. पदर वरच्या अंगाच्या मधोमध किंवा उशाकडं ठिगळ म्हणून लावा. पोटात विरलेली लुगडी, धोतरं, चादरी. दोन थर हलक्या थंडीला, चार कडाक्याच्या. त्याहून जास्त घातले तर सुई निघत नाही आणि धुतल्यावर दोन माणसांशिवाय वाकळ पिळत नाही. पोटातलं कापड फाटकं असलं तरी चालतं. भोकावर दुसरा तुकडा पडेल एवढं बघा, नाहीतर तिथं वाकळ पोकळ लागते. शिवणी, चेन, हुक, काजांच्या पट्ट्या सगळ्या कापून टाका.

फरशीवर खालचं अंग उलट वर करून पसरा आणि चार कोपऱ्यांवर वजनं ठेवा. त्यावर पोट, प्रत्येक थर मधून कडेकडं हातानं साफ करत. वर दुसरं अंग. आता मोठ्या कच्च्या टाक्यानं मधून चार दिशांना टाचा, मग वीतभर अंतरावर आडव्या ओळी. हे टाचण मधूनच सुरू व्हायला हवं. कडेनं सुरू केलं तर सगळा फुगवटा मध्ये गोळा होतो आणि शेवटी तिथं कापडाची घडी पडते, ती कायमची.

पक्का धावदोरा मात्र कडेनं. चारही कडा आत दुमडून पहिली फेरी कडेलगत, मग चौकोनात चौकोन घेत आत. टाका गव्हाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत अंगठ्याच्या रुंदीएवढं, पाऊण इंच अंतर. ८४ बाय ४५च्या वाकळीत असा धावदोरा सव्वाशे मीटरच्या वर भरतो. एकेरी दोरा दीडशे मीटर धरा, दुहेरी तीनशे. जाड सुती दोराच घ्या. पॉलिस्टरचा दोरा मऊ झालेल्या जुन्या सुतापेक्षा बळकट असतो आणि वर्षा-दोन वर्षांत कापडालाच कापतो. ओवताना दोन हातांपेक्षा लांब दोरा घेऊ नका, गुंता होतो. गाठ थरांच्या आत ओढून घ्या, वर ठेवली तर धुताना तीच पहिल्यांदा सुटते.

मशीनवर शिवायची असेल तर १८ नंबरची सुई, इंचाला सहा-सात टाके आणि पायाचा दाब सैल. मशीनचे दात खालचं कापड आधी ओढतात, वरचं मागं राहतं. एक ओळ खालून वर, दुसरी वरून खाली असं केलं तर वाकळ तिरकी होत जाते. सगळ्या ओळी एकाच दिशेनं मारा आणि चार थरांची वाकळ हातानंच शिवा. मशीनवर ती टणक होते.

हिमरू आणि काठ

छत्रपती संभाजीनगरचा हिमरू सूत आणि रेशमाचा. दौलताबादला राजधानी आली तेव्हापासून तो इथं विणला जातो असं सांगतात. जुनी शाल किंवा तुकडा हाती असेल तर १६ इंची कुशनचं पुढचं अंग करा, एवढं बास. खोलीत दोन पुरतात. उलट्या बाजूला नक्षीचे मोकळे धागे असतात, त्यात बोट-बांगडी अडकली की नक्षी ओढली जाते. म्हणून मागं मलमलचं अस्तर लावल्याशिवाय शिवू नका. कापल्यावर कड झपाट्यानं सुटते. कापण्याआधीच रेघेच्या आतून एक टीप मारा आणि माया पाऊण इंच ठेवा. कुशनचं मागचं अंग साधं: १७ बाय ११चे दोन तुकडे एकमेकांवर चढवून, एका ब्लाउजपिसात निघतं.

इरकलीचे काठ पडद्याला छान दिसतात. काठ रेशमी आणि अंग सुती असेल तर दोन्ही वेगळं आटतं, तेव्हा आधी साडी धुवा, मग काठ कापा. काठ लावताना पडद्याचं कापड किंचितही ताणू नका.

मशीन अडलं तर

खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होतं तेव्हा सगळे बॉबिन काढून बघतात. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो: दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेला नसतो, किंवा पाय खाली न टाकताच शिवायला घेतलेलं असतं. पाय वर करून पुन्हा ओवा.

टाका सुटत असेल तर सुई वाकली आहे किंवा उलट बसली आहे. सुईची लांब खाच दोरा ज्या बाजूनं ओवता त्या बाजूला हवी. मलमल-रेशमाला ११ नंबर, चादरी-अभ्र्यांना १४, बकरम आणि जाड पडद्याला १६. एका पडद्याच्या जोडीनंतर सुई बदला, बकरम सुईची धार खातं.

दोरा सारखा तुटतो त्याचं कारण उन्हाळ्यात बऱ्याचदा दोराच असतो. पत्र्याच्या खोलीत वर्षभर पडलेलं रीळ वाळून कुजतं. हातानं ओढून बघा, सहज तुटलं तर टाकून द्या.

वाकळ आणि मांजरपाट शिवल्यावर दातांखाली रुई साठते, त्यात आपल्याकडची धूळ आणि तेल मिसळून नमदा होतो. पट्टी उघडून ब्रशनं काढा, मग एकेक थेंब तेल. तेल घातल्यावर लगेच पांढऱ्या अभ्र्याला हात घालू नका. आधी एखाद्या चिंधीवर पाच मिनिटं मशीन चालवा, चिंधीवर काळा ठिपका पडायचा थांबला की अभ्रा घ्या.